पदवी, पेढी आणि गणरायाचा मांडव

भाद्रपदाची चाहूल लागली की पुण्याच्या जुन्या पेठांतील पूजासाहित्याच्या दुकानांपुढे जी गर्दी लोटते, ती ज्याने एकदा अनुभवली त्यास तिचे विस्मरण होणे कठीण. कापसाची वस्त्रे, जानवी, अष्टगंध, शेंदूर, बुक्का, फुलवाती, सुपाऱ्या, हळकुंडे, खारका अशी लांबलचक यादी हाती घेऊन गृहिणी उभ्या असतात आणि गल्ल्यावर बसलेला मनुष्य यादी न पाहताच पुडे बांधीत असतो. अशाच एका दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या एका गृहस्थांची हकीकत आज, श्रीगणेशचतुर्थीच्या निमित्ताने, वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटते. त्यांच्या इच्छेस मान देऊन त्यांचे नाव आम्ही देत नाही. चाळिशीच्या उंबरठ्यावरील हे गृहस्थ तीन पिढ्यांची पेढी चालवितात आणि आपल्या पेठेतील गणेशोत्सव मंडळाचे चिटणीस आहेत. त्यांनी शिक्षण मात्र घेतले ते संज्ञापनशास्त्राचे.

संज्ञापन हा शब्द आमच्या अनेक वाचकांस अवघड वाटेल. एकाच्या मनातील आशय दुसऱ्याच्या मनापर्यंत पोचविणे, एवढाच त्याचा अर्थ. फर्ग्युसन रस्त्यावरील ज्या वास्तूस पुणेकर ‘रानडे इन्स्टिट्यूट’ म्हणून ओळखतात, तेथे पुणे विद्यापीठाने १९६४ सालापासून वृत्तविद्येचे शिक्षण सुरू केले. वर्तमानपत्र, नभोवाणी, चित्रवाणी, जाहिरात या साऱ्यांचे पाठ तेथे मिळतात. आमचे हे गृहस्थ तेथूनच २००९ साली पदवी घेऊन बाहेर पडले. मुंबईच्या एका जाहिरातसंस्थेचे बोलावणेही आले होते. परंतु त्याच वर्षी वडिलांच्या गुडघ्यांनी दगा दिला, दुकानाचा जिना चढणे त्यांस अशक्य झाले आणि मुलाने गल्ल्यावर बसावे असे घरात ठरले. ‘ठरले’ असे आम्ही म्हणतो. मुलाचे मन त्यात नव्हते, हे त्यांनी आम्हांपाशी प्रांजळपणे कबूल केले आहे.

गणेशाची लेखणी आणि व्यासांची अट

ही हकीकत गणेशचतुर्थीच्या अंकात येण्याचे कारण केवळ मंडळाचे चिटणीसपद एवढेच नव्हे. गणपती ही विद्येची देवता. अथर्वशीर्षाने त्यास वाङ्मयस्वरूप म्हटले आहे आणि ज्ञानदेवांनीही आपल्या ग्रंथारंभी गणेशाची मूर्ती शब्दब्रह्माची कल्पिली आहे. महाभारताच्या लेखनाची कथा तर बालपणी आपण सर्वांनी ऐकलेली असते. व्यासांनी भारत मनात रचले, पण ते उतरवून घेणारा लेखक मिळेना. ब्रह्मदेवाच्या सांगण्यावरून त्यांनी गणेशास पाचारण केले. गणेशाने अट घातली की माझी लेखणी क्षणभरही थांबता कामा नये. व्यासांनी ती मान्य केली, आणि स्वतःची एक अट पुढे केली : अर्थ कळल्यावाचून एक अक्षरही लिहावयाचे नाही. मग व्यास मधूनच एखादा कूट श्लोक सांगत. गणेश त्याच्या अर्थाशी क्षणभर थबके आणि तेवढ्या अवधीत व्यास पुढील श्लोक रचून ठेवीत.

भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत ही कथा मूळ संहितेत घेतलेली नाही, हे आम्ही जाणतो. तथापि ज्या समाजाने ती पिढ्यानुपिढ्या जपली, त्याने तीत काहीतरी स्वतःचे पाहिले असले पाहिजे. लेखणीचा वेग मोठा खरा, पण अर्थाचे बंधन त्याहून मोठे, हे या कथेचे सार आम्हांस वाटते. संज्ञापनाच्या पदवीधरास हे सार कोठे उमगले? महाविद्यालयात नव्हे, कापराच्या बरणीपाशी.

कापराची पाटी

दुकानात बसू लागल्यावर या तरुणाने प्रथम काय केले असेल, तर जुन्या पाट्या उतरवून नव्या लावल्या. सुबक अक्षरे, ठसठशीत रंग. कापराच्या बरणीवर त्याने लिहिले : ‘शंभर टक्के शुद्ध नैसर्गिक कापूर’. विक्री वाढली. वडिलांनी पाटी पाहिली असावी, परंतु ते काही बोलले नाहीत. श्रावणातल्या एका सोमवारी एक वृद्ध बाई आल्या. चष्मा सावरीत त्यांनी पाटी वाचली आणि विचारले, “बाळ, नैसर्गिक म्हणजे झाडाचा ना? मग हा कोणत्या झाडाचा?”

तरुणास उत्तर देता आले नाही. आत बसलेल्या वडिलांनी ते ऐकले. घरात सारे त्यांना अण्णा म्हणत. अण्णा काठी टेकीत बाहेर आले आणि बाईंस म्हणाले, “आजी, हा झाडाचा नाही. कारखान्यातला आहे. पूजेला चालतो, पण झाडाचा नाही.” आजींनी नेहमीप्रमाणे पुडी घेतली आणि त्या गेल्या. त्यानंतर बापलेकांत जो संवाद झाला तो आम्ही त्यांच्याच शब्दांत देतो.

“तुला ठाऊक होते का हा कशाचा आहे ते?”

“नाही, अण्णा.”

“मग लिहिलेस कशाला?”

“चांगले दिसते म्हणून. सगळेच लिहितात.”

तेव्हा अण्णांनी मुलास कापराचा सारा इतिहास सांगितला. पूर्वी कापूर येई तो कापूरवृक्षाच्या लाकडापासून काढलेला. आज बाजारात मिळणारा बहुतेक कापूर टर्पेंटाइनपासून रासायनिक क्रियेने तयार होतो. त्यात पाप नाही. परंतु तो झाडापासून काढलेला आहे असे सांगून विकणे हे पाप आहे. भाविक मनुष्य आरतीला जो कापूर लावतो, तो देवापुढे जळतो. त्याच्या बरणीवर खोटे लिहिणे म्हणजे देवापुढे खोटे बोलणे, असा अण्णांचा सरळ हिशेब होता. पाटी उतरली. तिच्या जागी ‘पूजेचा कापूर’ एवढीच दोन शब्दांची ओळख आली.

त्या वर्षी भाद्रपदात कापराचे गिऱ्हाईक समोरच्या दुकानात वळले, कारण तेथे ‘शुद्ध’ हा शब्द कायम होता. खरे बोलल्याचे फळ लगेच मिळाले, असे आम्ही सांगितले असते तर ते वाचावयास गोड वाटले असते, पण तसे घडले नाही. तोटा झाला आणि तो दोन वर्षे सोसावा लागला. तरुणाच्या मनात मुंबईचे बोलावणे पुन्हा घोळू लागले. “मी शिकलेले सारे अण्णांनी एका वाक्यात मोडीत काढले, असे मला तेव्हा वाटे,” असे ते म्हणाले. पुढे मात्र ध्यानात आले, की अण्णांनी संज्ञापन मोडीत काढले नव्हते. व्यासांचीच अट घातली होती.

पेढीवरची माणसे

पेढी आणि लोकसेवा यांचा संबंध पुण्यास नवा नाही. सार्वजनिक गणेशोत्सवाच्या आरंभी जी माणसे दिसतात, ती पाहा. भाऊसाहेब रंगारी हे वस्तुतः भाऊ लक्ष्मण जावळे. व्यवसायाने वैद्य, आणि कापड रंगविण्याच्या घरच्या धंद्यावरून ‘रंगारी’ हे नाव रूढ झाले. राक्षसाचे निर्दालन करणारी त्यांची गणेशमूर्ती आजही पुण्यात पूजिली जाते. दगडूशेठ गडवे हे मिठाईचे व्यापारी, म्हणून ‘हलवाई’. पुत्रवियोगाने खचलेल्या दगडूशेठ व लक्ष्मीबाई या दांपत्यास त्यांचे गुरू माधवनाथ महाराज यांनी दत्त आणि गणपती यांच्या मूर्ती करवून त्यांचीच अपत्यवत् सेवा करावी असा उपदेश केला, अशी परंपरा सांगतात. लक्ष्मीबाईंच्या नावाचे दत्तमंदिर बुधवार पेठेत आजही उभे आहे. ज्यांचे मूल गेले, त्यांनी साऱ्या गावाच्या मुलांसाठी उत्सव मांडला. या घटनेकडे भाविक दृष्टीने पाहिले असता डोळे पाणावतात.

या उत्सवास लोकांपर्यंत नेणारी लेखणी मात्र केसरीची. १८८१ साली निघालेल्या या पत्रातून लोकमान्य टिळकांनी १८९३ च्या पुण्यातील सार्वजनिक गणेशोत्सवाचे स्वागत केले. १८९४ साली विंचूरकर वाड्यात त्यांनी स्वतः गणपती बसविला आणि १९०५ पासून तो गायकवाड वाड्यात, म्हणजे आजच्या केसरीवाड्यात बसू लागला. उत्सवाचा आद्य प्रवर्तक कोण, या प्रश्नावर पुण्यात अजूनही वाद आहे. त्यात पडण्याची आमची इच्छा नाही. आम्हांस त्यात दुसरेच काही दिसते. रंगारी, हलवाई आणि संपादक, या तिघांच्या कामांचा येथे मेळ पडला. पेढीवरच्या माणसापाशी पत होती. लोक त्यांच्या हाती वर्गणी निःशंकपणे देत. वर्तमानपत्रापाशी वाणी होती. वाणीवाचून पत चार गल्ल्यांतच राहिली असती आणि पतीवाचून वाणी वाऱ्यावर गेली असती.

ही गोष्ट या तरुण दुकानदाराच्या ध्यानात आली ती मंडळाच्या कामात शिरल्यावर. २०१६ साली ते चिटणीस झाले. मंडळाची नोंदणी रीतसर होती, हिशेब तपासलेला असे, वार्षिक सभेत तो वाचलाही जाई. परंतु सभेस येणार किती? त्यांनी मांडवाच्या प्रवेशाशी शाळेतला एक काळा फळा उभा केला आणि त्यावर खडूने रोजचा जमाखर्च लिहावयास आरंभ केला. मूर्ती, मांडव, वीज, प्रसाद, शिल्लक; आणि शेजारी वर्गणीदारांची नावे, सर्वांची अक्षरे एकाच आकाराची. दोन-तीन मोठे वर्गणीदार नाराज झाले. कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या एका बाईंनी एक्कावन्न रुपये दिले होते. त्या संध्याकाळी नातवास घेऊन आल्या, फळ्यावरचे आपले नाव त्यास वाचावयास लावले आणि मग मूर्तीपुढे हात जोडले. संज्ञापनाच्या कोणत्याही ग्रंथात हे प्रकरण सापडणार नाही, असे चिटणीस हसत म्हणाले.

मिरवणुकीविना चतुर्दशी

खरी कसोटी मात्र २०२० साली लागली. करोनाच्या साथीने सारा देश ग्रासला होता. त्या वर्षी शासनाने सार्वजनिक मूर्ती चार फुटांहून व घरगुती मूर्ती दोन फुटांहून उंच असू नये असे सांगितले आणि मिरवणुकांस मनाई केली. मुंबईत लालबागच्या प्रसिद्ध मंडळाने मूर्तीची प्रतिष्ठापना न करता रक्तदानासारखे उपक्रम करून आरोग्योत्सव साजरा केला. पुण्यातील मानाच्या गणपतींचे विसर्जनही मिरवणुकीविना झाले. १८९७ च्या प्लेगाने हे शहर एकदा असेच ओस पडले होते. त्या काळी लोकमान्य गाव सोडून गेले नाहीत, रुग्णांसाठी हिंदू प्लेग रुग्णालयाच्या उभारणीत त्यांनी पुढाकार घेतला, हे जुन्या पिढीस ठाऊक आहे.

आमच्या चिटणिसांनी मंडळाचा निर्णय एका रात्री भ्रमणध्वनीवरून सर्व सभासदांस एकदम कळविला : यंदा मिरवणूक नाही, आगमनाची नाही आणि विसर्जनाचीही नाही. शब्द अचूक होते. पाचच मिनिटांत निरोप सर्वत्र पोचला आणि सकाळपर्यंत मंडळ फुटण्याची वेळ आली. ज्यांनी तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे मांडवाचे बांबू वाहिले, त्या वृद्धांस हा निरोप अपमानासारखा वाटला. आपणांस कोणी विचारलेच नाही, ही त्यांची व्यथा होती. एकाने उत्तर पाठविले, की ज्यास मिरवणूक काय ते कळत नाही त्याने ती बंद करू नये.

पुन्हा तोच कापूर, असे चिटणिसांच्या मनात आले. आपण लिहिले, पण जे लिहिले त्याचा अर्थ आपणांस तरी कोठे कळला होता? ते उठले आणि पुढील आठ दिवस घरोघर हिंडले. तोंडास मुखपट्टी, उंबऱ्याबाहेर चार हात अंतर. वाड्यांतून, नव्या इमारतींच्या जिन्यांवरून, प्रत्येक दारी त्यांनी निर्णय सांगण्याआधी त्या घराचे म्हणणे ऐकले. कोणी नवस सांगितला, कोणी गेलेल्या यजमानांची आठवण काढली. कोणी दार उघडलेच नाही. शेवटी कोणी आनंदाने नव्हे, पण सर्वांनी मान तुकविली.

सर्वांत अवघड दार होते ते स्वतःच्या घरचे. अण्णा पन्नास वर्षे मिरवणुकीत झांज वाजवीत आले होते. गुडघे गेल्यावरही ते खुर्ची टाकून कोपऱ्यावर बसत आणि गणपती पुढे आला की उभे राहून झांज वाजवीत. मुलाने त्यांस सर्वांत शेवटी विचारले. अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “मला विचारायला तू आठ दिवस घेतलेस. पहिल्याच दिवशी आला असतास, तर मी तुझ्याबरोबर हिंडलो असतो.”

१ सप्टेंबर २०२० रोजी, अनंत चतुर्दशीस, मांडवातच पाण्याचा हौद करून मूर्तीचे विसर्जन झाले. मोजकी माणसे होती. अण्णा आले होते. त्यांच्या हाती कापडी पिशवी होती आणि तीत झांज होती, हे मुलास ठाऊक होते. आरती झाली, पुढील वर्षी लवकर येण्याचे आमंत्रण देवास दिले गेले, मूर्ती पाण्यात उतरली. अण्णांनी पिशवी उघडली नाही. जशी आणली तशीच घरी नेली. २०२१ च्या एप्रिलमध्ये, साथीच्या दुसऱ्या लाटेत, अण्णा गेले.

आम्हांस विचारलेला प्रश्न

“वडिलांची शेवटची मिरवणूक मी थांबविली. चुकलो का?” असा प्रश्न या गृहस्थांनी आम्हांस केला. मुलाखतकाराने उत्तर द्यावयाचे नसते, परंतु हा प्रश्न मुलाखतीचा नव्हता. निर्णय योग्य होता, असे आम्ही त्यांस सांगितले. त्या वर्षी माणसे वाचविणे हीच पूजा होती. मात्र योग्य निर्णयानेही कोणाचे तरी काही हिरावले जाते आणि ज्याने तो घेतला त्यास ते स्मरणात बाळगावेच लागते. समाजाचा पुढारी म्हणविणाऱ्यास यातून सुटका नाही. देवाने ती द्यावी अशी प्रार्थनाही आम्ही करणार नाही. कारण हे ओझे ज्यास वाटत नाही, त्याच्या हाती मंडळ देऊ नये.

आमच्या अनेक वाचकांची मुलेमुली आज नाना शास्त्रांच्या पदव्या घेऊन घरी येतात. पुष्कळदा आईवडिलांस वाटते, की एवढे शिकून मूल गल्ल्यावर बसले म्हणजे शिक्षण फुकट गेले. मुलासही वाटते, की दुकान हे अडाण्याचे काम. दोघांनीही या हकीकतीकडे पाहावे. पदवीने या तरुणास लिहिण्याची कला दिली; काय लिहू नये, हे पेढीने शिकविले; आणि लिहिण्याआधी कोणाच्या दारी जावे, हे मंडळाने. तिन्ही शाळांचे शुल्क त्यास भरावे लागले. शेवटच्या शाळेचे शुल्क सर्वांत जड होते.

साथ सरल्यावर, २०२२ साली, पुण्यात मिरवणुका पुन्हा थाटाने निघाल्या. त्या दिवशी चिटणिसांनी कपाटातून वडिलांची कापडी पिशवी काढली. झांज हाती घेतली आणि ध्यानात आले की आपणांस ती वाजविता येत नाही. एवढी वर्षे शेजारी उभे राहूनही शिकण्याचे कधी मनातच आले नव्हते. तेव्हा पुढे आले ते, ज्यांनी दोन वर्षांपूर्वी तो कठोर निरोप पाठविला होता तेच वृद्ध गृहस्थ. त्यांनी भर रस्त्यात थांबून मुलाचे मनगट धरले, कोठे सैल सोडावे आणि कोठे आवळावे ते दाखविले. पहिले काही ठोके चुकले. मग ताशाचा ठेका सापडला आणि गणपती पुढे निघाला.

यंदाही कोपऱ्यावरच्या त्या दुकानात कापराची बरणी आहे आणि तिच्यावर ‘पूजेचा कापूर’ एवढेच लिहिलेले आहे. मांडवाशी काळा फळाही उभा राहील. श्रीगजानन आपल्या घरी येईल, तेव्हा आपल्या घरातील शिकलेल्या मुलास आरतीचे ताट धरावयास सांगावेच. पण त्याबरोबर त्यास आजोबांची झांज, टाळ, वहीखाते, जे काही घरात असेल ते, हाती घेऊन शिकावयासही सांगावे. शिकविणारे हात घरात आहेत तोवर हे करावे. विघ्नहर्ता आपणां सर्वांस सद्बुद्धी आणि सत्यवाणी देवो, हीच त्याच्या चरणी आमची प्रार्थना.